पांढरी अट, पिवळी अट

माझ्या बायकोच्या मामांइतका अटींवर जीव असलेला माणूस अख्ख्या नाशिकमध्ये दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकं मोकळं वागू देणारा माणूसही नव्हता. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली, आणि कळलं तोवर मी त्यांचा एक अपराध करून बसलो होतो. तो मी इथे सांगणार आहे. त्याशिवाय हे लिहायला बसण्यात अर्थ नाही. पण आधी मामा सांगतो. मामा कळल्याशिवाय माझा अपराध अगदीच किरकोळ वाटेल, आणि तेवढी सूट मला नको आहे.

मामा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होते. दवाखान्याच्या तीन जीपगाड्या डॉक्टर, सिस्टर आणि औषधांची पेटी घेऊन रोज सकाळी बाहेर पडत. एक सिन्नरकडे, एक पेठच्या डोंगराकडे आणि एक देवळ्याकडे. कोणती जीप कोणत्या वारी कोणत्या गावात कितीला पोचेल हे ठरवणं मामांचं काम. त्यासाठी दवाखान्याच्या बोळात एक भलामोठा काळा फळा टांगलेला होता. डाव्या बाजूला गाड्यांचं वेळापत्रक, उजव्या बाजूला अटी. मामांची उंची बेताची असल्यामुळे ते स्टुलावर उभे राहून लिहीत, आणि त्यांच्या शर्टाला मुद्दाम शिवून घेतलेले दोन खिसे होते: डाव्यात पांढरा खडू, उजव्यात पिवळा. पांढऱ्या खडूची अट म्हणजे ती मोडली तर जीप हलणार नाही. पिवळ्या खडूची अट म्हणजे मोडली तरी चालेल, फक्त कोणीतरी दिवसभर तोंड फुगवून बसेल. दोन्ही खिशांचे दोन डाग धुऊन धुऊन कायमचे झाले होते, त्यामुळे वाळत घातलेला मामांचा शर्ट गल्लीच्या टोकावरूनही ओळखू येई.

आता यात नवल काय, असं कोणी विचारील. नवल हे, की त्या फळ्यावर अट लिहायचा अधिकार मामांनी सगळ्यांना देऊन टाकला होता. ड्रायव्हरने लिहावी, सिस्टरने लिहावी, कंपाउंडरने लिहावी, एखाद्या पेशंटला लिहावीशी वाटली तर त्यानेही लिहावी. दुसऱ्याची अट पटली नाही तर तिच्याखाली आपली लिहावी. नियम एकच, खाली नाव आणि कारण लिहायचं. "अट ज्याला बोचते, खडू त्याच्या हातात पाहिजे," असं ते म्हणत. "मी इथे पंख्याखाली बसून घाटातली अट लिहिणार म्हणजे काय?" त्यामुळे फळ्यावर काय काय वाचायला मिळे! 'पेठच्या घाटात औषधांची पेटी डॉक्टरांच्या मांडीवर देऊ नये. कारण: डॉक्टर झोपतात. – सिस्टर.' 'सिन्नरच्या जीपमध्ये कंपाउंडरने गाऊ नये. कारण: गाडी चुकते. – ड्रायव्हर.' आणि त्याखाली पिवळ्या खडूत, 'हळू गाईन. कारण: राहवत नाही. – कंपाउंडर.' एका म्हाताऱ्याने तर नातवाकडून पांढऱ्या खडूत लिहवून घेतलं होतं, 'सुई देणाऱ्याने आधी हात शेकून घ्यावेत. कारण: ज्याचं त्याला माहीत.' ही अट मी तिथे नोकरीला लागलो तेव्हाही फळ्यावर होती, आणि हिवाळ्यात सिस्टर खरंच स्टोव्हवर हात शेकून घेत.

दोन अटी एकमेकींच्या आड आल्या की मामांच्या अंगात उत्साह संचारे. ते दोन्ही अटींच्या मालकांना बोलावत, बाकावर शेजारी शेजारी बसवत आणि चहा मागवत. चहा पिता पिता एकाच प्रश्नाभोवती सगळं फिरे: "तुमची पिवळी होते का बघा." पहिल्या कपाला कोणाचीच पिवळी होत नसे. दुसऱ्या कपाला एक जण म्हणे, "बरं, सोमवारपुरती करा." मामा लगेच स्टुलावर चढत, न जाणो, माणसाचा विचार बदलायचा. ड्रायव्हर काशिनाथ हा देवळ्याकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "मामा, तुमच्या चहानं माझ्या सगळ्या अटी पिवळ्या झाल्या, आता डोळे पिवळे व्हायचे तेवढे राहिलेत." त्यावर मामा शांतपणे, "मग आपल्याच डॉक्टरांना दाखव. गुरुवारी अकराला जागा आहे."

घरी स्वयंपाकघरात एक पाटी होती. तीही सर्वांसाठी खुली. मामींच्या सगळ्या अटी पांढऱ्या, कारण पिवळा खडू त्यांनी पहिल्याच आठवड्यात तुळशीत पुरला होता. 'पाच वाजता उठून भांडी वाजवू नयेत. कारण: माणसं झोपतात' असं मामांनी लिहिलं, तर खाली मामींचं उत्तर, 'चहा हवा असल्यास भांडी वाजतील. कारण: चहा हातात होत नाही.' मामांनी ते वाचलं, मान डोलावली आणि आपली अट पुसून टाकली. शेजारच्या काकू साखर मागायला येत त्यासुद्धा जाता जाता एखादी अट लिहून जात. दूधवाल्याने एकदा 'पातेलं दाराबाहेर ठेवावे. कारण: कुत्रा' असं लिहिलं. कुत्रा मामांचा नव्हता, पण मामांनी त्या कुत्र्यालाही दोन दिवस दारात बसवून त्याचं म्हणणं काय असेल याचा विचार केला, असं माझी बायको शपथेवर सांगते.

आमचं लग्न सत्तरच्या दशकातलं. आमच्याकडची बरीच माणसं सिन्नरहून यायची होती आणि ती आणायचं काम अर्थात मामांकडे होतं. मामांनी मांडवाच्या खांबाला फळा टांगला. दुपारपर्यंत तो दोन्ही घरच्या अटींनी भरून गेला. माझ्या थोरल्या आत्याने सिन्नरहून निरोप धाडून लिहवलं, 'खिडकीजवळ मीच. कारण: मी थोरली.' तिच्या यजमानांनीही लिहवलं, 'मी दुसऱ्या जीपमध्ये. कारण: वर पाहा.' माझ्या वडिलांनी सर्वांदेखत लिहिलं, 'मुलाला घोड्यावर बसवू नये. कारण: पडतो.' हे खरं होतं, पण सासुरवाडीला ते फळ्यावरून कळण्याची गरज नव्हती. शेवटी भटजी आले आणि त्यांनी मुहूर्ताची वेळ पांढऱ्या खडूत लिहिली. आत्या अजून वाटेत होती. मामांनी भटजींना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि अदबीने विचारलं, "गुरुजी, पिवळी होते का बघा." भटजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दुसऱ्या कपानंतर त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं आणि त्यांना सात मिनिटं सापडली. त्या सात मिनिटांत आत्या खिडकीजवळून उतरली. माझं लग्न त्या सात मिनिटांवर उभं आहे.

पुढे काही वर्षांनी, मी नाशिकमध्ये बीएस्सीचं प्रमाणपत्र घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत असताना, मामांनीच मला दवाखान्यात चिकटवलं. नेमका तेव्हाच एका दानशूर विश्वस्तांनी दवाखान्याला एक वापरलेला कॉम्प्युटर दिला होता. मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन थोडं प्रोग्रॅमिंग शिकलो होतो, म्हणून ते यंत्र माझ्या हवाली झालं. त्याच्यासाठी खोली रंगवली, गार हवेचं यंत्र बसवलं, आणि दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात.' मामांनी त्याखाली लगेच लिहिलं, 'आणि पाय धुवावेत. कारण: चपला काढल्या की पाय कसे आहेत ते खोलीला कळते.' सेक्रेटरीसाहेबांनी मला काम दिलं, जीपगाड्यांचं वेळापत्रक आता कॉम्प्युटरने लावायचं. मी फळ्यावरच्या सगळ्या अटी इंग्रजी अक्षरांत आत घातल्या. मामा रोज पाय धुऊन येत, माझ्यामागे उभे राहत आणि हिरव्या अक्षरांकडे कौतुकाने पाहत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "जावईबापू, यात काशिनाथ कुठून लिहिणार?"

"काशिनाथ कशाला लिहील? मी लिहितो ना."

"तुम्ही घाटात जाता का?"

मी त्यांना समजावलं, की मामा, हे यंत्र आहे, फळा नाही. कोणीही काहीही बदललं तर सगळंच कोसळेल. म्हणून मी परवलीचा शब्द घातला आहे, तो फक्त मला माहीत. खरं सांगायचं तर कोसळण्याची भीती मला फारशी नव्हती. बंद दाराआड गार हवेत बसून सगळ्या नाशिक जिल्ह्याच्या जीपगाड्या हलवण्याचं जे सुख होतं, त्यात मला वाटेकरी नको होता. मामांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि दोन अटी आड आल्या की हे यंत्र काय करतं?" मी म्हणालो, "नो प्लॅन असं लिहून येतं." "चहा नाही विचारत?" असं म्हणून मामा निघून गेले.

आणि मग मुंबईचे पाहुणे यायचे ठरले. दवाखान्याला चौथी जीप द्यायची की नाही हे ते ठरवणार होते. देवळ्याकडच्या एका गावात जाऊन त्यांनी काम पाहावं आणि पाच वाजेपर्यंत नाशिकला परत यावं, कारण पुढे त्यांची गाडी होती. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "वेळापत्रक कॉम्प्युटरचं असू दे. छापील." आदल्या संध्याकाळी मी बसलो. पाचची अट घातली. नो प्लॅन. पुन्हा चालवलं. नो प्लॅन. मग मी एकेक अट काढून पाहू लागलो. कंपाउंडरचं गाणं काढलं, म्हाताऱ्याची सुई काढली, नो प्लॅन. शेवटी एक अट काढली आणि कागद सुरळीत छापून बाहेर आला. ती अट होती, 'देवळ्याकडची जीप एकच्या आधी गावात नेऊ नये. कारण: कांदा. – काशिनाथ.'

मला हसू आलं. वाटलं, हा गडी वाटेत स्वस्तात कांद्याचं पोतं घेत असणार. दोन पावलांवर काशिनाथ जीप धूत होता. त्याला विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. उलट मी बोळात गेलो, कोणी नाही असं पाहिलं, आणि फळ्यावरची ती अट शर्टाच्या बाहीने पुसून टाकली. सकाळी कागद आणि फळा जुळले पाहिजेत म्हणून. मागे वळतो तर मामा पाय धुऊन येत होते. "बाहीला खडू लागलाय, जावईबापू," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो झटकला.

पहाटे जीप निघताना काशिनाथ सेक्रेटरीसाहेबांना म्हणाला होता, "साहेब, लय लवकर होतंय. इतक्या सकाळी गावात कुत्रंबी भेटायचं नाय." साहेबांनी त्याला छापील कागद दाखवला. दहा वाजता जीप गावात पोचली आणि काशिनाथचं बोलणं खोटं ठरलं, कुत्रं भेटलं. माणूस मात्र एकही नाही. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती, बायकामाणसं पोरांसकट रानात, ती दुपारी एकच्या सुट्टीत गावात येणार. एवढंच त्या एका शब्दाचं कारण होतं. पाहुणे शाळेच्या ओट्यावर बसले. सरपंचांचा रक्तदाब चार वेळा मोजला, चौथ्या वेळी तो खरंच वाढला. एक पाहुणे प्रकाशात नीट दिसावं म्हणून डॉक्टरांना फोटोसाठी बसवू लागले, पण पेशंट नसल्यामुळे शेवटी डॉक्टरांनी एका शेळीचे डोळे तपासले. शेळीचे डोळे उत्तम होते. साडेबाराला पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि जीप निघाली. एकला पंधरा-वीस बायका पोरांना काखेत घेऊन धावत आल्या, तेव्हा ओट्यावर केळ्याच्या साली तेवढ्या उरल्या होत्या.

चौथी जीप आली नाही. संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांना बोळात उभं केलं. काशिनाथ म्हणत होता, "मी लिहिलं होतं, पांढऱ्या खडूत लिहिलं होतं!" साहेबांनी मला विचारलं, "अट फळ्यावर होती?" मी म्हणालो, "फळ्यावर होतं तेवढंच मी यंत्रात घातलं." हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात पुन्हा म्हटलं आहे, मला सांगता येणार नाही. मामांची एक सवय मला तेव्हा ठाऊक होती: ते रोज दुपारी सगळा फळा एका वहीत उतरवून ठेवत. ती वही त्या वेळी त्यांच्या पिवळ्या खिशात होती. तिचा कोपरा मला दिसत होता. साहेबांनी मामांना विचारलं. मामांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "आज सकाळी नव्हती. फळा माझा आहे, चूक माझी." वही खिशातच राहिली.

तिथवरही ते निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मामांनी, कोणालाही न विचारता, फळ्यावर पांढऱ्या खडूत लिहिलं, 'आज पुन्हा देवळा. कारण: काल.' आणि काशिनाथ, सिस्टर आणि डॉक्टरांना घेऊन ते स्वतः त्या गावाला गेले. बरोबर एकला पोचले. सगळी पोरं तपासून झाल्यावरच परतले. परवानगीशिवाय जीप नेल्याबद्दल साहेबांनी त्यांच्याकडून गाड्या काढून घेतल्या आणि त्यांना औषधांच्या कोठीत बसवलं. फळा उतरवला. मामांनी तो हातगाडीवर घालून घरी नेला आणि बैठकीच्या खोलीत टांगला. त्यासाठी लग्नातला गोल आरसा मामींना काढावा लागला, आणि त्यांनी लगेच त्याच फळ्यावर लिहिलं, 'भांग पाडायला शेजारी जावे. कारण: हा.'

माझं काय झालं? मला बक्षीस मिळालं. मी लाजेने एक गोष्ट केली. महिन्याभरात तो परवलीचा शब्द काढून टाकला आणि ड्रायव्हरांना, सिस्टरांना यंत्रात स्वतः अट बदलता येईल अशी सोय केली. यंत्र आधी नाव विचारी, मग कारण. काशिनाथने एका बोटाने अर्धा तास खपून पहिली अट घातली आणि कारणात इंग्रजी अक्षरांत 'कांदा' लिहिलं. दोन अटी आड आल्या की पडद्यावर दोघांची नावं आणि 'चहा घ्या' असं यायचं. विश्वस्तांना ते फार आवडलं. त्यांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मामा टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत होते.

त्यानंतर मी मामांकडे गेलो की फळ्याकडे पाठ करून बसे. चार-पाच वर्षं. सांगायचं ठरवून जाई आणि पोहे खाऊन परत येई. नवल म्हणजे मला कोणी काही विचारलंही नाही. मामी, ज्यांना शेजारच्यांच्या शेजारच्यांचं सगळं ठाऊक असे, त्यांनी कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. माझी बायको, जी मी भाजी आणली तर कुठल्या गाड्यावरून, कोणत्या हाताने निवडली हे विचारते, तिनेही नाही. मला वाटलं, मी फार बेमालूम लपवलं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. इतक्या डॉक्टरांच्या गाड्या लावलेला माणूस, पण स्वतःच्या ऑपरेशनची तारीख काही लागत नव्हती, कारण मामींची अट होती की पाऊसकाळात नको, आणि डॉक्टरांची होती की दिवाळीनंतर नको. एका रविवारी मामा म्हणाले, "जावईबापू, मला फळा दिसत नाही. तुम्ही वाचा, मी सांगतो कोणती ठेवायची." नाही म्हणता आलं नाही. मी वळलो, फडकं घेतलं आणि वाचू लागलो. मामा खुर्चीत डोळे मिटून 'ठेवा', 'पुसा', 'हिला पिवळी करा' असं सांगत होते. मामी आतून ओरडत होत्या, "माझी एकही पुसायची नाही!"

अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, एक अट होती. पुन्हा पुन्हा गिरवून तिची अक्षरं जाड झाली होती, आणि शेवटचं गिरवणं जुन्या रेघांवर बसलंही नव्हतं. नजर गेल्यानंतरचं असावं. पांढऱ्या नाही, पिवळ्या खडूत. 'जावईबापूंना देवळ्याच्या जीपबद्दल घरात कोणीही विचारू नये. कारण: ते स्वतः सांगतील.' खाली मामांचं नाव.

"पुढची?" मामा म्हणाले.

आतली भांडी वाजायची थांबली होती.

"मामा," मी म्हणालो, "काशिनाथची अट मी पुसली होती. बाहीने. आणि मग खोटं बोललो."

"हं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "आणि तुमच्या यंत्राचा परवलीचा शब्द काय होता हो? आमच्या भाचीचं नाव ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसरं काय घालणार तुम्ही! यंत्र उघडून काशिनाथची अट परत लिहिता आली असती. पण कुलूप तुमचं होतं. तुमची अट, तुम्हीच काढायला पाहिजे." मग म्हणाले, "आता ही पुसा. फार दिवस जागा अडवून बसलीय. मला तिथे ऑपरेशनचं लिहायचंय."

मी पुसली. फडक्यानेच पुसली. पण इतकी वर्षं गिरवलेली रेघ एका हाताने जात नाही. दोनदा, तीनदा पुसावी लागली. आतून मामी म्हणाल्या, "चहा टाकते गं बाई एकदाचा," आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

मामा आता नाहीत. ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर दोन वर्षं त्यांनी सगळ्या घराला नव्या नजरेने अटी लिहायला लावल्या. फळा आमच्याकडे आहे. माझी मुलं त्यावर बेधडक लिहितात, मी वाचतो, आणि बहुतेक वेळा माझीच पिवळी होते. उजवा कोपरा कोणी वापरत नाही. तशी अट कोणी लिहिलेली नाही. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं की तिथली पुसलेली अक्षरं अजून थोडी वाचता येतात. तेवढ्या वेळेला मी त्या खोलीत असतो.